अंतराळातली झोप मोजायला मनगटी घड्याळ पुरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले, आता गगनयानाची तयारी चालू आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या विद्यार्थ्यांनी अंतराळवीराच्या झोपेतले हृदय आणि श्वास मोजण्याचा प्रकल्प जरूर घ्यावा. फक्त मनगटी घड्याळावर थांबू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

घड्याळातला हिरवा प्रकाश त्वचेखालचं रक्त कमी-जास्त होताना टिपतो आणि नाडीचा वेग देतो. हृदयाची झडप कधी उघडली, श्वास छातीने घेतला की पोटाने, हे त्याला कळत नाही. वजनरहित अवस्थेत तर बदल तिथेच होतात: पायांकडचं रक्त डोक्याकडे सरकतं, श्वासातला पोटाचा वाटा वाढतो.

मिलानच्या डॉन न्योकी फाउंडेशनच्या संशोधकांनी यासाठी अंगात घालायची बंडी केली. इटलीच्या अंतराळवीर सामंथा क्रिस्टोफोरेट्टी यांनी २०१४-१५ च्या मोहिमेत ती घालून झोपेतल्या नोंदी घेतल्या. ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखाचे, त्वचेला टेकणारे इलेक्ट्रोड कापडातच, श्वासासाठी ताण ओळखणारं कापड, आणि छातीची थरथर टिपणारा त्वरणमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. या थरथरीच्या आलेखात हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीची झडप उघडल्याची आणि मिटल्याची खूण सापडते. ईसीजीतल्या क्यू लाटेपासून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा इशारा पोहोचू लागतो तिथपासून, झडप उघडेपर्यंत साधारण १०० मिलिसेकंद जातात, पुढे ती सुमारे ३०० मिलिसेकंद उघडी राहते. हृदयाचा स्नायू कसं काम करतो, ते या दोन आकड्यांवरून समजतं. दिवसा हालचालींत ही बारीक थरथर बुडून जाते, म्हणून रात्रीची नोंद मोलाची.

जमिनीवर गादीखाली संवेदक (सेन्सर) ठेवूनही ठोके मिळतात, कारण शरीराचा भार गादीवर असतो. अंतराळात भारच नाही, तेव्हा संवेदक अंगावरच हवा. श्वासाचंही असंच. आपल्याकडे छातीवरचा त्वरणमापक श्वासागणिक किंचित कलतो, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी त्याचा कोन बदलतो आणि त्या बदलातून श्वास मोजता येतो. अनेक सोपे प्रकल्प यावरच चालतात. कक्षेत ही युक्ती निकामी ठरते. तिथे छाती आणि पोट यांवर वेगळे दोन पट्टे लागतात. श्वासमार्ग अडला की दोन्ही पट्टे एकमेकांच्या उलट हलतात, तेही त्यातूनच दिसतं.

१९९८ च्या अमेरिकेच्या दोन स्पेस शटल मोहिमांत पाच अंतराळवीरांच्या झोपेची पूर्ण तपासणी झाली. झोपेतले श्वासाचे अडथळे ५५ टक्क्यांनी घटले आणि घोरण्याचा वेळ झोपेच्या १६.५ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यावर आला. जीभ आणि मऊ टाळू मागे ओढायला गुरुत्वाकर्षणच नव्हतं! पण उच्छ्वासाची गरम हवा तिथे वरही चढत नाही. पंखा बंद पडला तर कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो, म्हणून झोपायच्या कप्प्यात वारा खेळता ठेवावा लागतो.

प्रकल्प करताना सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. ईसीजी एका सर्किटवर, त्वरणमापक दुसऱ्यावर, दोघांची घड्याळं वेगळी. घड्याळाला ठेका देणाऱ्या दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात २० भागांचा फरक असला तरी आठ तासांत अर्ध्या सेकंदाहून जास्त तफावत पडते. मग १०० मिलिसेकंद कशाचे मोजणार? दोन्ही संकेत एकाच घड्याळावर, सेकंदाला किमान ५०० नमुन्यांनी घ्या. थरथर गुरुत्वत्वरणाच्या काही हजारांश भागांचीच असते; स्वस्त त्वरणमापकाच्या स्वतःच्या गोंगाटात ती हरवते, तेव्हा पैसे त्या भागावर खर्च करा.

वडगाव-शहापूरच्या विणकरांची मदत मागणार असाल, तर मागावरचं कापड इथे चालणार नाही, होजिअरीसारखं ताणलं जाणारं लागेल. चांदीचा मुलामा दिलेला धागा इलेक्ट्रोडपुरताच वापरा. कोरडा इलेक्ट्रोड पहिली काही मिनिटं, घाम येईपर्यंत, वेडीवाकडी रेघ काढतो. पाण्याने किंचित ओला करून घाला. बंडी सैल असेल तर कूस बदलताच संकेत जातो.

घरात ५० हर्ट्झचा वीजगोंगाट येतोच, यंत्र बॅटरीवरच चालवा. इलेक्ट्रोड अंगावर असताना चार्जर किंवा चार्जिंगला लावलेला लॅपटॉप कधीही जोडू नका. खराब चार्जरमधून मुख्य वाहिनीची वीज थेट छातीत उतरू शकते.

वैद्यकीय उपकरण क्षेत्रातले दोन अभियंते,
टिळकवाडी, बेळगाव