फॉर्मलीन नव्हे, मीठ हवे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पशू-न्यायवैद्यकाच्या, म्हणजे जनावराच्या मृत्यूचे कारण कोर्टासाठी शोधण्याच्या शास्त्राच्या, शिक्षणावरचा कालच्या अंकातला लेख मी दोनदा वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसलो आहे. लेखकाने कष्ट घेतले आहेत, हे मान्य. हैदराबादच्या प्रयोगशाळेत मांसाच्या तुकड्यावरून प्राण्याची जात कशी ओळखतात ते आले. यवतमाळात ठार केलेल्या अवनी वाघिणीला गोळी कोणत्या बाजूने लागली आणि भुलीचा डार्ट खरेच बंदुकीतून सुटला होता का, यावरचा 2018 चा सगळा वाद आला. पण अख्ख्या पानात एक बैल नाही, एक शेळी नाही. तालुक्याच्या दवाखान्यातला जो डॉक्टर उद्या कोर्टात ‘तज्ज्ञ’ म्हणून उभा राहणार आहे, त्याच्यावर एक ओळ नाही.

माझा हरण्या 2019 साली बेंदराच्या आठ दिवस आधी गेला. खिलार, सहा दाती. रात्री वैरण खाल्लेला बैल पहाटे दावणीला आडवा. तोंडाला फेस, पाय ताठ, आणि गव्हाणीतल्या कडब्याला फवारणीच्या औषधाचा वास. बांधावरून आमचे भांडण चालू होते, ते गावाला ठाऊक आहे. पोलिसांनी पंचनामा केला. डॉक्टरांकडे दुसऱ्या दवाखान्याचाही भार, त्यामुळे ते दुपारी चारला पोहोचले.

डॉक्टर चांगला माणूस, वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने लगेच सुरी लावली नाही. आधी कानाच्या शिरेतून रक्ताचा ठिपका काचेवर घेतला आणि दवाखान्यात नेऊन तपासला. फाशीचा रोग (अँथ्रॅक्स) असेल तर जनावर फाडायचेच नसते. त्या जंतूंना हवा लागली की बीजाणू होतात आणि ती माती वर्षानुवर्षे रोग धरून ठेवते. एवढे त्याच्याकडून घटवून घेतलेले होते. रोग नाही हे कळल्यावर अंधार पडता पडता त्याने बैल उघडला. यकृत, मूत्रपिंड, कोठीपोटातला चारा, सगळे काढले आणि सगळे फॉर्मलीनच्या, म्हणजे अवयव कुजू न देणाऱ्या रसायनाच्या, बरणीत भरले. जवळ तेवढेच होते.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचे उत्तर आले : नमुने फॉर्मलीनमध्ये असल्याने विषाच्या तपासणीस योग्य नाहीत.

हे मला नंतर समजले, आणि आता झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. रोगाने पेशींत काय बदल झाला ते पाहायचे असेल तर फॉर्मलीन. विष शोधायचे असेल तर मिठाचे संपृक्त पाणी. त्याच मिठाच्या पाण्याची एक बाटली वेगळी द्यायची, म्हणजे विष मिठातूनच आले असे कोणी म्हणू नये. प्रत्येक बरणीला लाखेची मोहोर आणि त्या मोहोरेचा ठसा कागदावर. फॉर्मलीनने पेशी आवळून घट्ट होतात, मग त्यातून विष वेगळे काढणे कठीण. किराणा दुकानात मिळणाऱ्या मिठापायी माझा खटला गेला.

2023 ला साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी विचारले, “फॉर्मलीन कोणाच्या सल्ल्याने वापरलेत? विषबाधेची शवविच्छेदने याआधी किती केलीत?” डॉक्टर म्हणाला, “हे पहिलेच.” वकिलांनी आणखी काही विचारले नाही. आरोपी सुटला. बाहेर चिंचेखाली डॉक्टरने माझा हात धरला. “काका, कॉलेजात हे एका तासात उरकलं होतं. हाताने कधी केलंच नव्हतं.” मला त्याच्यावर रागावता आले नाही. आजही येत नाही.

माझ्या शेजाऱ्याने विष घातले नसेलही. मला ते कळायला हवे होते, आणि त्यालाही. कोवळी ज्वारी खाल्ली तरी जनावर असेच तडकाफडकी मरते. तिच्यातले विष हवेत उडून जाणारे, नमुना काही तासांत घेतला नाही तर हाती काही लागत नाही. तिथे गुन्हेगार कोणीच नसतो. ते ओळखणारा माणूस वेळेवर नसेल तर दोन घरे जन्मभर एकमेकांकडे संशयाने पाहत राहतात. आमची पाहताहेत.

कायद्याचेही एक सांगतो, कारण लेखात ते राहिले. जनावर मारल्याबद्दल नव्या न्याय संहितेच्या कलम 325 खाली जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी आलेच पाहिजे असे बंधन सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना. म्हणजे माझ्या गोठ्यात ते पथक येणे बंधनकारक नाही. येणार तो तालुक्याचा डॉक्टर, एकटा. सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल कोर्टात कागदावर चालतो, या डॉक्टरला मात्र पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी सोसावी लागते. मग सगळ्यात जास्त तयारी कोणाची करून घ्यायला हवी?

परळला 1886 पासून पशुवैद्यक शिकवतात. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. पदवीत न्यायवैद्यक आहे, पण नीतिशास्त्र आणि प्राणिकल्याणाच्या जोडीला बसवलेले. शेवटचे एक वर्ष विद्यार्थी प्रत्यक्ष कामाचे करतातच. त्या वर्षात प्रत्येकाने एक शवविच्छेदन पंचनाम्यापासून मोहोरेपर्यंत स्वतःच्या हाताने करावे, आणि खोट्या कोर्टात का होईना, एखाद्या खऱ्या वकिलापुढे तासभर उभे राहावे. वाघाची डीएनए तपासणी शिकणारे थोडेच असणार. बैलाची बरणी सगळ्यांना भरावी लागणार आहे.

आणखी एक, जे इतकी वर्षे मनात आहे. हरण्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच जिल्हा पुरवणीत ‘अतिखाण्याने बैलाचा मृत्यू’ अशी चौकट आली होती. तेव्हा नमुने प्रयोगशाळेत पोहोचलेही नव्हते. बातमीदाराने ना मला विचारले, ना डॉक्टरांना. मी दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. ती चौकट आरोपीच्या वकिलांनी कोर्टात दाखवली होती. कारण अजून ठरलेले नाही, असे दोन ओळींचे निवेदन आपण आता तरी छापावे, ही विनंती. कात्रण सोबत जोडले आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. सांगोला