हशाची जागा आणि यानाचा खर्च

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

प्रिय गजू,

विनोदी मालिका म्हणजे सोफ्यावरच्या गप्पा, अंतराळाच्या मालिका म्हणजे पैशाचा चुराडा, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, असं तू पत्रात ठोकून दिलंस. बाप्पा, दोघी एकाच अंगणात वाढल्या आहेत ना!

१९५१ साली अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ यांनी समोर प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन-तीन कॅमेरे चालवून ती फिल्मवर घेतली. कॅमेऱ्याचा प्रमुख होता कार्ल फ्रॉइंड. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन विज्ञानपटाच्या छायाचित्रकारांपैकी हा एक. तीन कॅमेरे एकदम चालले की प्रत्येक कोनासाठी दिवे हलवायला सवड नसते, म्हणून त्यानं सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला. स्टुडिओत घेतलेल्या विनोदी मालिकेत दिवाणखाना एवढा लख्ख का असतो, त्याचं मूळ हे. पुढे १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळाची मालिका आली, तीही याच जोडप्यानं काढलेल्या ‘डेसिलू’ कंपनीतून. तोवर कंपनी एकट्या ल्युसिलच्या हातात आली होती.

आता पैशाचं ऐक. ‘स्टार ट्रेक’मध्ये दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरताना दाखवायचं तर मॉडेल आणि कॅमेऱ्याच्या करामतींचा खर्च झेपत नव्हता. म्हणून माणसं इथं विरघळून तिथं उभी राहतात, असं यंत्र काढलं. त्या चमचमाटासाठी ॲल्युमिनियमची पूड प्रकाशाच्या झोतात सोडून तिचं चित्रण केलं. आपोआप सरकणारी दारं मागे उभी असलेली माणसं दोरीनं ओढायची, आणि क्षणभर उशीर झाला की नट दारावर आदळायचा. डॉक्टरच्या हातातली काही उपकरणं तर मिठाच्या डब्या होत्या. एका भागात मीठ लागणार म्हणून त्या आणल्या, पण त्या मिठाच्या डब्या वाटेचनात, म्हणून दवाखान्यात दिल्या. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात विंगेतला पोरगा जे काम करतो तेच हे, त्यात चुराडा कुठला आला?

पण फुकटचं यंत्र कथेला महाग पडतं. संकट आलं की बटण दाबून परत यायचं, मग गोष्ट राहते कुठं? म्हणून लेखकांना सारखं ते यंत्र बिघडवावं लागलं. कधी वादळ, कधी संपर्काचा डबा शत्रूनं हिसकावलेला. विज्ञानाची मालिका तपासायची माझी रीत हीच आहे. यंत्र काय करतं हे मी नंतर बघतो, ते काय करू शकत नाही हे आधी.

या परीक्षेत ‘द एक्स्पान्स’ पहिली. तिथं यानात गुरुत्व देणारी जादूची पेटी नाही. इंजिन ढकलतं म्हणून पायाखाली वजन येतं, आणि म्हणून मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन सगळ्यांत खाली. अर्धा रस्ता वेग वाढवायचा, मध्यावर यान उलटं फिरवायचं आणि उरलेला अर्धा रस्ता तेच इंजिन ब्रेक म्हणून चालवायचं. इंजिन बंद झालं की चुंबकी बूट. फार जोरात पळायचं असेल तर शरीर टिकावं म्हणून खुर्चीतूनच औषधाची सुई टोचली जाते, तरीही माणूस मरू शकतो. पाठलागात धाकधूक वाटते ती यामुळे, कारण प्रत्येक जोराची किंमत तुला आधीच ठाऊक असते. ‘प्रोटोमॉलिक्यूल’ नावाची परकी निळी भानगड नियम मोडते खरी, पण तिथली माणसंसुद्धा तिला बघून चक्रावतात, म्हणून चालून जातं.

विनोदी मालिकेचे नियम भौतिकशास्त्राचे नसतात, स्वभावाचे असतात. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ घे. मायाला सुनेचं वागणं कधीच पटत नाही, मोनिशाची घासाघीस कधी सुटत नाही, आणि दोघींचे फ्लॅट समोरासमोर. दार उघडलं की भांडण हजर! स्वभाव पक्का ठेवून परिस्थिती बदलायची, एवढंच लेखकाचं काम. दूरदर्शनवर १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ आली, तिनं हेच दुसऱ्या वाटेनं साधलं. घरचे तेच, आणि सतीश शहा दर भागात वेगळा माणूस होऊन यायचा. आपल्याकडे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या बाबतीत माझ्या लेखी सगळ्यांत वर. प्रभावळकरांनी स्वतःच्याच ‘अनुदिनी’वरून उभं केलेलं घर आहे ते. त्यात कुणी वाईट नाही, आणि तरी रोज कुरबुर आहे. हे लिहायला फार कठीण, लेका.

बिघडतं कुठं? स्वभाव फुगवला की. ‘फ्रेंड्स’मधला जोई सुरुवातीला चलाख, थोडा आळशी नट आहे. शेवटच्या वर्षांत त्याला साधं वाक्य कळेनासं होतं, कारण मठ्ठपणावर हशा मिळतो हे लेखकांना सापडलं. हशा वाढला, माणूस गेला.

हशाबद्दल तू लिहिलंस की मागून हसण्याचा आवाज आला की तुला चीड येते. दोन गोष्टी वेगळ्या कर. एक म्हणजे चार्ली डग्लस नावाच्या तंत्रज्ञानं केलेली पेटी. खटके दाबून साठवलेला हशा हवा तिथं टाकायचा. तिच्यावर खुशाल चीड. कोरियन युद्धातल्या लष्करी दवाखान्यावरच्या ‘मॅश’मध्ये चॅनेलनं हशा लादलाच, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगात तो टाकायचा नाही एवढं करणाऱ्यांनी पदरात पाडून घेतलं. दुसरी गोष्ट खऱ्या प्रेक्षकांची. मंडईच्या, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री नाटकात आपला विनोदी नट टाळी पडली की थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकतो, पूर्ण विरू देत नाही. शास्त्रज्ञ मित्रांवरची ‘द बिग बँग थिअरी’ तशीच प्रेक्षकांसमोर व्हायची. तिच्यातला हशा पुसून फिरवलेले व्हिडिओ बघून लोक म्हणतात, यात विनोदच नाही. आता नट ज्या हशासाठी थांबला तोच काढला, तर मागे शांतताच राहणार. त्या मालिकेचे दोष वेगळे आहेत. फळ्यावरची समीकरणं मात्र खरी, त्यासाठी डेव्हिड सॉल्टझबर्ग नावाचा भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होता.

दोन्ही जाती एकत्र बघायच्या असतील तर ब्रिटिश ‘रेड ड्वार्फ’, १९८८ ची. यानात उरलेला शेवटचा माणूस आणि त्याच्याच खोलीतला मेलेला सोबती, आता नुसता प्रकाशाचा. त्याला काही उचलता येत नाही, दार लोटता येत नाही, पण हुकूम सोडायची सवय जात नाही. नियमातूनच विनोद निघतो बघ. पुढे सहाव्या पर्वात त्याला घट्ट शरीर मिळतं आणि माझ्या मते अर्धी गंमत तिथंच संपते.

नेट आणि लाईट धड टिकत नाही म्हणतोस ते खरं, म्हणून रात्रीच उतरवून ठेव. विनोदी भाग बावीसेक मिनिटांचा, जेवताना होतो. ‘एक्स्पान्स’ला पाऊण तास धर, आणि पहिले चार भाग धीर धर. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा, हे तीन पक्ष डोक्यात बसले की गाडी धावते. पट्ट्यातल्या लोकांची बोली इंग्रजी येणाऱ्यालाही झेपत नाही, तेव्हा खालची अक्षरं चालू ठेव. ‘फायरफ्लाय’ या अंतराळातल्याच मालिकेचे चौदाच भाग आहेत, पण क्रम तपासून घे. २००२ साली चॅनेलनं पहिला मोठा भाग सगळ्यांत शेवटी दाखवला, काही तर दाखवलेच नाहीत, आणि लोकांना कोण कुणाचा तेच कळेना. त्याच मोठ्या, ‘सेरेनिटी’ नावाच्या भागापासून सुरू कर. ‘स्टार ट्रेक’चं तिसरं पर्व राहिलं तरी चालेल. पैसे कापले होते आणि वेळ शुक्रवारी रात्री दहाची दिली होती, ते पडद्यावर दिसतं.

पेन ड्राइव्ह मोठा आण, बत्तीस जीबीचा पुरणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर