गावठी कट्ट्याचा माग राज्याच्या हद्दीवर थांबू नये : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : बेकायदा शस्त्रांच्या उगमापर्यंत तपास नेण्याची जबाबदारी केंद्राने स्वीकारण्याबाबत.

महोदय,

मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात १९ वर्षे फौजदारी वकिली करते. या काळात भारतीय हत्यार कायद्याच्या कलम ३/२५ खालचे, म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगल्याचे, इतके खटले हाताखालून गेले, की दोषारोपपत्र उघडण्याआधीच त्यातली वाक्ये मला सांगता येतात. गुप्त बातमीदारामार्फत खबर मिळते, बसस्थानकाबाहेर किंवा एखाद्या ढाब्याजवळ सापळा लावला जातो, दोन पंच बोलावले जातात आणि विशी-बाविशीचा एक मुलगा कमरेला गावठी कट्टा 'विनापरवाना, बेकायदेशीररीत्या बाळगताना मिळून येतो'.

अशाच एका खटल्यात मुद्देमालाचे खाकी पाकीट माझ्यासमोर उघडले गेले. लाखेचे सील फोडून, सुतळी सोडून कारकुनाने पिस्तूल टेबलावर ठेवले. मुठीवरच्या लाकडी पट्ट्या दोन स्क्रूंनी आवळलेल्या होत्या, नळीवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते आणि एका बाजूला वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत 'मेड इन यूएसए' ठोकलेले होते. क्रमांक अर्थातच नव्हता. सोबत दोन जिवंत काडतुसे आणि 'हत्यार चालू स्थितीत आहे' एवढाच अभिप्राय देणारा एका पानाचा अहवाल होता. आरोपीने हे हत्यार 'नदीपलीकडील अनोळखी इसमाकडून' विकत घेतल्याचे तपासात सांगितले होते. मी उलटतपासात तपास अधिकाऱ्यांना विचारले, की आपण नदीपलीकडे गेलात का. ते म्हणाले, नाही. कारण विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, की ती हद्द दुसऱ्या राज्याची आहे. माझ्या अशिलाला शिक्षा झाली, आणि ती कायद्याला धरूनच झाली, हे मी मान्य करते. पण तो अनोळखी इसम निकालपत्रातही अनोळखीच राहिला.

हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे, राज्याच्या गृहमंत्र्यांना नव्हे, याचे कारण संविधानातच आहे. सातव्या अनुसूचीनुसार शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा संघ सूचीतील विषय आहे, तर पोलीस हा राज्य सूचीतील. म्हणजे १९५९ चा हत्यार कायदा संसदेचा, नियम आपल्या मंत्रालयाचे, आणि अंमलबजावणी मात्र पोलीस ठाण्याची, ज्याच्या हवालदाराला दुसऱ्या राज्यात जायचे तर वरिष्ठांची परवानगी, तिकडच्या ठाण्याचे सहकार्य आणि गाडीचे डिझेल या तिन्हींची जुळवाजुळव करावी लागते. आमच्याकडे हे अंतर नकाशावरही दिसत नाही इतके थोडे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी उमर्टी नावाची दोन गावे आहेत. एक चोपडा तालुक्यात, दुसरे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात, आणि मधे नदी. पलीकडच्या उमर्टीत कट्टे घडवले जातात, हे खानदेशात शाळकरी पोरालाही माहीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांचे मोठे पथक थेट तिथे गेले आणि त्यांनी तिथल्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. त्या कारवाईचे मी मनापासून कौतुक करते, पण एका शहराच्या पोलिसांनी आपल्या शहरात सापडलेल्या कट्ट्यांचा माग काढत परराज्यातल्या भट्टीपर्यंत जावे लागणे, हीच आजच्या व्यवस्थेतली उणीव आहे.

कायदा कमकुवत आहे, असे माझे म्हणणे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्या व विकणाऱ्यासाठी किमान ७ वर्षे ते जन्मठेप, आणि नुसते बाळगणाऱ्यासाठी २ ते ५ वर्षे अशी शिक्षा ठरवली. संसदेने दोषाची प्रतवारी अगदी योग्य केली. प्रत्यक्षात मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात मला जवळजवळ नेहमी बाळगणाराच दिसतो. त्यात फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७६(३) प्रमाणे घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जाणे ज्या गुन्ह्यांत बंधनकारक होणार आहे, ते ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे आहेत. बाळगण्याचा गुन्हा त्या मर्यादेत बसतच नाही. भट्टीचा माग ज्या एकमेव वस्तूवरून लागू शकतो, ती वस्तू तज्ज्ञाच्या नजरेखालून न जाताच पाकिटात बंद होण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कक्षेत २०१९ पासून शस्त्रनिर्मिती व विक्रीचा गुन्हा आला खरा, पण तो कायद्याने 'प्रतिबंधित' ठरवलेल्या शस्त्रांपुरता, म्हणजे मुख्यतः स्वयंचलित बंदुकांपुरता. साधा कट्टा त्या व्याख्येबाहेर राहतो.

महोदय, कट्ट्यावर क्रमांक नसला तरी तो मुका नसतो. फायरिंग पिनचा आघात आणि नळीतले ओरखडे काडतुसावर व गोळीवर उमटतात, आणि हाताने कानस मारून घडवलेल्या हत्यारात तर ते विशेष वेगळे असतात. महाराष्ट्राला हे फार दुःखातून कळले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला, कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी धारवाडमध्ये कन्नड विद्वान प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि २०१७ मध्ये बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश मारल्या गेल्या. कलबुर्गी आणि लंकेश या दोन खुनांत एकच ७.६५ मिमी गावठी पिस्तूल वापरले गेले, हे कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे मांडले. दोन वर्षांच्या अंतराने झालेले दोन खून एका पिस्तुलाने जोडले, आणि ते काडतुसे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यामुळे कळले. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडले. या खटल्यांच्या तपासात प्रयोगशाळांच्या अहवालांवरून किती काळ घोळ चालला, हे आपण जाणता.

बोटांच्या ठशांसाठी 'नॅफिस' ही देशव्यापी प्रणाली ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या मंत्रालयाने सुरू केली. एका राज्यातला ठसा दुसऱ्या राज्यातल्या नोंदींशी आता ताडून पाहता येतो. काडतुसांसाठीही हेच व्हावे, सर्व राज्यांच्या प्रयोगशाळा जोडून आणि प्रत्येक जप्त हत्याराची नोंद बंधनकारक करून. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला जातो, तरीही तिथल्या केंद्र सरकारची एटीएफ ही यंत्रणा काडतुसांच्या प्रतिमांचे देशव्यापी जाळे अनेक वर्षे चालवते आहे. इतके सैल कायदे असलेला देश जे करतो, ते आपल्यासारख्या परवाना पद्धत असलेल्या देशाला अवघड जाऊ नये.

परवानाधारी शस्त्रांचीही गोष्ट हद्दीपाशीच अडते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २.७८ लाखांहून अधिक परवाने अपात्र व्यक्तींना दिले गेल्याचा सीबीआयचा आरोप आहे, आणि त्यांतले अनेक राज्याबाहेरच्या लोकांना मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या उपनगरात एका माजी नगरसेवकाचा खून ज्या पिस्तुलाने झाला, त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला आणि दुसऱ्याच माणसाच्या नावावर होता. परवान्यांची राष्ट्रीय नोंद अस्तित्वात असताना ते शस्त्र मुंबईत आल्याची खबर स्थानिक ठाण्याला आपोआप मिळायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मला वकील म्हणून नव्हे, या भागातली रहिवासी म्हणून सांगायची आहे. भट्टीवर काम करणारे बहुतेक शिकलगार समाजाचे कारागीर आहेत. शस्त्रांना धार-पाणी करणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. कानस आणि हातोडीने पिस्तूल घडवणाऱ्या हातांना कारखान्यात काम मिळाले नाही, तर मोडलेली भट्टी पावसाळ्यानंतर पुन्हा पेटते, हे आम्ही पाहत आलो आहोत. छाप्यांबरोबर त्या गावांत प्रशिक्षण, कर्ज आणि मालाला गिऱ्हाईक पोहोचवण्याची योजना केंद्राने दोन्ही राज्यांना सोबत घेऊन आखावी.

माझी मुख्य मागणी खर्चिक नाही. खटला संपला, अपिलाची मुदत उलटली, की हत्यार विल्हेवाटीसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा आदेश न्यायालय देते, आणि पुढे ते नष्ट होते. माझ्यासमोर उघडलेल्या त्या पाकिटातले पिस्तूलही त्याच वाटेने जाईल. ते वितळवण्याआधी त्यातून दोन गोळ्या झाडून काडतुसांच्या प्रतिमा राष्ट्रीय नोंदीत ठेवाव्यात, आणि ती नोंद झाल्याचा दाखला असल्याशिवाय कोणतेही जप्त हत्यार नष्ट करू नये, असा आदेश आपण आपल्या अधिकारात काढावा, ही विनंती.

आपली नम्र,
जळगाव जिल्ह्यातील एक वकील