किनारे सांगता, मग तिथी का सांगत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील सुट्टीसाठी निवडलेल्या सात समुद्रकिनाऱ्यांची यादी वाचली आणि आज सोमवारी सकाळीच हे पत्र लिहायला बसलो. यादी ओळखीची वाटली म्हणून गेल्या वर्षीचे कात्रण शोधून काढले. किनारे तेच सात आहेत, केवळ क्रम बदलला आहे. गेल्या वर्षी पाचवे असलेले हरिहरेश्वर यंदा पहिले आले आहे; वर्षभरात तेथील समुद्राने बरीच मेहनत घेतलेली दिसते. लेखकाच्या भाषेविषयी माझी काही तक्रार नाही. ‘निवांत’, ‘स्वच्छ’ आणि ‘मनमोहक’ ही तीनच विशेषणे सात ठिकाणी आळीपाळीने पुरवून वापरणे हेही कौशल्याचेच काम आहे.

हरिहरेश्वराच्या परिच्छेदात ‘येथील प्रदक्षिणा चुकवू नये’ असे एक वाक्य आहे. ते गेल्या वर्षीही होते, आणि त्या एका वाक्याच्या भरवशावर मी माझ्या सत्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, तेथे घेऊन गेलो होतो. लेखात अंतर ‘पुण्याहून अवघे चार-पाच तास’ असे दिले आहे. पुण्यात राहणाऱ्यांसाठी ते खरे असेल, परंतु आम्ही आपल्या वृत्तपत्राची सोलापूर आवृत्ती विकत घेतो आणि आम्हाला पुणे गाठायलाच अडीचशे किलोमीटर जावे लागते. तेथून पुढे ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे करीत, सकाळी सहाला निघालेले आम्ही सायंकाळी साडेसहाला हरिहरेश्वरास पोहोचलो. अक्काची त्या दिवशी एकादशी होती. दिवसभर शेंगदाण्याचे लाडू आणि केळी यांवर काढून तिने प्रथम काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि रीतीप्रमाणे पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेतले आणि ती प्रदक्षिणेला निघाली.

प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या टेकडीवरून जाते आणि दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरत थेट समुद्राकाठच्या खडकांवर येते. आम्ही त्या फटीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा खालून आवाजच असा येत होता की पुढे जाण्याचे धाडस झाले नाही. वर येणाऱ्या एका स्थानिक गृहस्थांनी, पाणी चढते आहे, आता उद्या या, असे सांगितले. उद्या सकाळी सातला गेलो, तेव्हाही पाणी चढतच होते. अखेर ज्या खानावळीत चहा घेतला तेथील बाईंनी उलगडा केला. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘काल तिथी कुठली होती, काका?’’

कोकणातल्या पोराटोरांना ठाऊक असलेला हिशेब असा की, तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशी म्हणजे अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठ आणि रात्रीही सव्वाआठ, थोडेफार मागेपुढे. द्वादशीला नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे आम्हाला वाट मोकळी मिळणार ती दुपारी तीनच्या आसपास. संपादक महोदय, मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमीला भांगाची, हे सारे मी फळ्यावर चंद्र-पृथ्वीची वर्तुळे काढून शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले, आणि स्वतः गाडीत बसताना मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वर करून पाहिले नाही. हा दोष माझा आहे आणि तो मी मान्य करतो. परंतु मी सुट्टीवर होतो. आपले लेखक कामावर होते.

खोली अकरा वाजता सोडायची होती. अर्ध्या दिवसाचे जादा पैसे मोजून आम्ही थांबलो. ‘‘सगळी दुनिया दुपारी झोपते, तेव्हा ह्याचं दार उघडतंय होय?’’ असे म्हणून अक्का पदर खोचून तयार झाली. अडीच वाजता उतरलो. पाणी खरोखरच मागे हटले होते, लाटांनी पोखरलेले खडक उघडे पडले होते; आणि मे महिन्याच्या उन्हात ते तव्यासारखे तापले होते. प्रदक्षिणेत चप्पल घालायला अक्का तयार होईना. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे ती अनवाणी चाललेली आहे, पण ते दिवस संक्रांतीचे, थंडीचे. माझा नातू बाटलीतले पाणी तिच्या पुढच्या पावलाच्या जागी ओतत चालला होता. ओला डाग तिचे पाऊल पडेपर्यंत सुकून जाई. दोन बाटल्या संपल्यावर, निम्म्या वाटेवरून, आम्ही तिला परत आणले. परतीच्या प्रवासात इंदापूर मागे पडेपर्यंत ती कोणाशी बोलली नाही.

हीच सहल चार दिवसांनी, पौर्णिमेला केली असती, तर भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास येऊन गेली असती आणि सकाळी व संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, म्हणजे नेमक्या गारव्याच्या वेळी, वाट मोकळी मिळाली असती. जी गोष्ट प्रदक्षिणेची तीच साध्या वाळूची. अष्टमीच्या आसपास श्रीवर्धनला किंवा गुहागरला जाणाऱ्यास पाणी भरलेले दिसते ते पहाटे आणि संध्याकाळी, आणि फिरण्याजोगी रुंद वाळू उघडी पडते ती ऐन बाराला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तरी ओहोटीचीच वेळ साधावी लागते. मुंबईकरांची सुट्टी हुकली तर ते पुढच्या शनिवारी पुन्हा जातात. आम्ही वर्षातून एकदा जाणारी माणसे. आम्हाला कोणत्या किनाऱ्यावर जावे याच्या आधी कोणत्या तिथीला जावे हे कळायला हवे.

आता यादीतील अन्य दोन नोंदींविषयी. गणपतीपुळे ‘डुंबण्यासाठी उत्तम’ असल्याचे लिहिले आहे. तेथे काठाजवळच पाणी एकदम खोल होते आणि पाण्यात उतरू नये असे फलक लावलेले आहेत; तेथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या मी अधूनमधून आपल्याच अंकात वाचल्या आहेत. विहिरीत सूर मारायला शिकलेला आमच्याकडचा गडी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो, आणि विहिरीचे पाणी माणसाला आत ओढत नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला ‘उत्तम’ सांगण्याआधी पुरवणी पाहणाऱ्या कोणीतरी एकदा विचार करावा.

दुसरी नोंद नुसती ‘मुरुड’ अशी आहे. कोणते मुरुड? एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यातले. दुसरे हर्णैजवळचे, दापोली तालुक्यातले. दोन्हींना समुद्र आहे आणि दोहोंच्या मध्ये बाणकोटची खाडी आहे. चुकीच्या मुरुडात खोली घेतली तर फेरीबोटीत गाडी चढवून सारा दिवस घालवावा लागेल. आमच्या भागात तर मुरुड म्हटले की बार्शीहून लातूरला जाताना लागणारे मुरुडच डोळ्यांपुढे येते. तेथे जाऊन कोणी समुद्र विचारला तर लोक काळजीने पाणी प्यायला देतील.

यंदा अक्काने पुढल्या पौर्णिमेवर पेन्सिलीने खूण केली आहे आणि मला खोली राखून ठेवायला सांगितले आहे. रविवारची पुरवणी तिने फडताळात शेंगाचटणीच्या बरणीखाली अंथरली आहे. कागद तेल चांगले शोषतो, असे तिचे मत आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व जुना वाचक,
जुळे सोलापूर

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘कोकणचा किनारा’ असे छापले आहे. त्यात निळ्या पाण्यातून तळाची पांढरी वाळू दिसते आणि मागे समुद्रातच खांबांवर उभ्या असलेल्या गवती छपरांच्या झोपड्यांची रांग आहे. हा किनारा कोकणातील कोणत्या तालुक्यात येतो, ते कृपया कळवावे.