आबांचे काडतूस

म्हापसा, 2 जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, याची टोचणी मनाला सतत होती. आईचा गुडघा दुखतो, बाकी सर्व क्षेम. आज लिहायला बसलो, कारण जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही.

18 जूनच्या क्रांतिदिनाच्या प्रदर्शनासाठी वाचनालयाने आबांचे रिकामे काडतूस मागितले आहे आणि सोबतच्या कार्डावर ‘पत्रादेवी, 15 ऑगस्ट 1955’ असे मी लिहून द्यायचे आहे. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळीबार केला आणि हे काडतूस त्यातलेच, असे आबा सांगत. लिहिण्यापूर्वी ते एकदा नीट पाहावे, म्हणून भिंग घेतले. आई दरवर्षी ते चिंच लावून घासते, त्यामुळे बुडावरची अक्षरे पुसट झाली आहेत. ‘एफएनएम’ एवढे स्पष्ट लागले. ही पोर्तुगालच्या सरकारी दारूगोळा कारखान्याची खूण. आपल्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, याला ती नाही, नुसती खाच आहे. म्हणजे ते पोर्तुगीजांच्या माउझर बंदुकीचे, 7.92 मिलिमीटरचे. इथवर आबांचे सांगणे खरेच होते आणि मला केवढा आनंद झाला!

पुढचे दोन आकडे मी चार दिवस 51 असे वाचत राहिलो. काल रात्री खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड आडवा टाकला, तेव्हा दुसऱ्या आकड्याच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेची सावली पडली. तो एक नव्हे, सात आहे. एखादा साठा सदोष निघाला तर तो कुठला आणि कधीचा हे शोधता यावे, म्हणून कारखाने हे ठसे मारतात. जुना माल पुष्कळ वर्षांनी वापरला जाऊ शकतो. परंतु 1957 साली घडलेले काडतूस 1955 च्या गोळीबारात उडणे शक्य नाही.

नववीत तू हेच म्हणाला होतास. तुझ्याजवळचे ते बाणाच्या खुणेचे, ‘के’ आणि ‘एफ’ अक्षरांचे खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस दाखवून तू म्हणालास, ‘माझ्यावर साल आहे, तुझ्यावरचे वाचून दाखव.’ मी न वाचताच तुझ्यावर हात उगारला आणि दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. त्याबद्दल आज मनापासून क्षमा मागतो.

पण आबांच्या पाठीवरचा तो वण तूही पाहिला आहेस. विहिरीवर अंघोळ करताना ते तो आपल्यापासून लपवीत नसत. ते सत्याग्रहाला गेले होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज शिपाई चौक्या टाकून गेले, तेव्हा असली काडतुसे पोरेसुद्धा गोळा करीत होती. त्यातलेच एक त्यांनी उचलले असेल आणि सांगता सांगता दोन्ही दिवस एक झाले असतील, असे मला वाटते.

म्हणून कार्डावर ‘पोर्तुगीज बनावटीचे रिकामे काडतूस, 1957’ एवढेच लिहीन आणि आबांच्या पत्रादेवीची हकीकत वेगळ्या कार्डावर, त्या वणासह लिहीन. आईला मात्र अजून सांगितलेले नाही. काल तिने नवी चिंच भिजत घातली, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

तुझ्या बदलीचे वाचले, आनंद झाला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शक्य झाले तर 17 तारखेला ये. आई तुझे ऐकते. तिला सांगताना तू जवळ असावास.

तुझा,
बाळ