खंजिरी वाजवून पाठव

प्रिय गण्या,

दिवाळीत पैशावरून बोललो, त्यानंतर तुझा फोन मी उचलला नाही. चूक माझी. पैसे मात्र तुझ्याकडेच आहेत.

मी बरा आहे. साखर थोडी वाढली. डॉक्टर म्हणतात मिनिटाला १०० पावलं पडतील अशा चालीनं रोज अर्धा तास चाल. धुऱ्यानं चालतो, मोजतो, साठाच्या पुढे चुकतो.

लिहायचं आहे ते बाबांचं. कंपवाताचं तुला ठाऊकच आहे. हात थरथरतो त्याची आता सवय झाली, पण पाय अडतात. अंगणात बरे चालतात आणि उंबरठ्याशी आले की तळवे जमिनीला चिकटतात. गुडघे हलतात, पाऊल निघत नाही. मागून मी ‘चला बाबा, चला’ म्हटलं की आणखीच अडतात.

अमरावतीला फिजिओथेरपीच्या ताईंनी आधी त्यांची पावलं मोजली. मिनिटाला ८४ भरली. तेवढ्याच ठेक्यावर फोनवर टकटक लावली, मेट्रोनोम म्हणतात तिला. गण्या, बाबा दारातून सरळ बाहेर पडले! ताई म्हणाल्या, चालीचा ठेका मेंदू आतल्या आत धरतो. या आजारात डोपामिन कमी पडतं आणि तो सुटतो. बाहेरून कानावर आला की पाय त्याला धरून निघतात. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, “थे टकटक बंद कर. सुताराच्या घरी आल्यासारखं वाट्टे.”

म्हणून खंजिरी काढली. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला पायी जाताना बाबा पुढे वाजवायचे, तीच. पावसानं चामडं सैल पडलं होतं. चुलीशी धरून शेकलं, तेव्हा कुठे बोलली. (दुसरी मी फोडली असं तू अजून सांगत फिरतोस. ती तुझ्या बुडाखाली आली होती.)

वाजवणार कोण, तर मी. लेझमीत अख्खी रांग खाली बसायची तेव्हा मी एकटा उभा असायचो. पीटीच्या सरांनी शेवटी हातात झेंडा दिला. अजून तेच. चार पावलं नीट जातात, मग माझा हात पळतो. बाबांची पावलं आखूड होत होत धावायला लागतात, अंग पुढे झुकतं. मंगळवारी तसेच न्हाणीजवळ पडले. हाड मोडलं नाही, कोपर सोललं. उठवताना मला म्हणतात, “तुह्यापेक्षा गण्या बरा होता.” माय हसली. मीही हसलो, मग गोठ्यात जाऊन बसलो. ठेका चुकवून बापाला पाडलं, हे गावात कोणाला सांगू?

वहिनींची बदली झाली का? पोरगी बारावी झाली म्हणे, पेढे राहिले.

तुझी खंजिरी आहे की पुण्यात जाऊन विकली? ८४ चा ठेका, दहा मिनिटं, व्हॉट्सॲपवर पाठव. गाऊ नको, नुसतं वाजव. आधी कानात ती टकटक लाव आणि तिच्यावर हात ठेव, तुझाही आता भरवसा नाही. चाल बसली की ताई ठेका थोडा वाढवतील, तेव्हा पुन्हा मागीन.

आणि मधे दम खायला थांबू नको. बाबा उंबरठ्यावर असतील.

तुझा,
पक्या