डायलिसिसवरच्या मुलांना मोठ्यांचे पथ्य नको

महोदय,

डायलिसिसवरच्या मुलाच्या पालकांच्या हाती पुष्कळदा मोठ्या माणसांसाठी छापलेला पथ्याचा कागद पडतो : डाळ कमी, दूध बंद, भाजी उकळून पाणी फेका. वाढत्या मुलाला यातून कुपोषण होते.

प्रथिनांचेच घ्या. पोटाच्या डायलिसिसमध्ये (पोटात पाणी भरून काढण्याच्या प्रकारात) ती रोज त्या पाण्यावाटे निघून जातात, म्हणून ४ ते १३ वर्षांच्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.१ ग्रॅम प्रथिने लागतात. १६ किलोच्या मुलाला जवळपास १८ ग्रॅम. त्यात डायलिसिसच्या पाण्यातली साखर अंगात शोषली जाऊन भूक मरते. अशा वेळी अंड्याचा पांढरा भाग सोयीचा : एका अंड्यामागे साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि मूत्रपिंड निकामी असताना रक्तात साठणारा फॉस्फरस अगदी थोडा.

भाजी उकळून पाणी टाकतात ते रक्तात साठणारे पोटॅशियम कमी करण्यासाठी, पण त्यासोबत फोलेट (ब गटातलेच एक जीवनसत्त्व), ब-१ आणि क जीवनसत्त्वही जाते. उरलेसुरले डायलिसिस ओढून घेते. तेव्हा आधी रिपोर्ट पाहावा. पोटॅशियम वाढलेले असेल तरच, आणि तेही बटाटा, सुरण, पालक यांच्यापुरतेच हे करावे. ब गटाची व क जीवनसत्त्वाची गोळी हिमोडायलिसिसच्या (यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या) दिवशी डायलिसिस संपल्यावर द्यावी. आधी दिली तर बरीचशी वाया जाते. क मात्र बेताने, जास्त झाले की त्यापासून बनणारा ऑक्झलेट हा क्षार शरीरात साचतो.

दुकानातले साधे मल्टिव्हिटॅमिन सिरप देऊ नये, कारण त्यात बहुधा अ जीवनसत्त्व असते. मूत्रपिंड निकामी असताना ते रक्तात साठते आणि कॅल्शियम वाढू शकते. पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोसही मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आशाताईंना आणि नर्सताईंना हे आधीच सांगून ठेवावे.

झिंकचे सिरप महिनोन्महिने चालू राहिले तर तांबे शोषले जात नाही. रक्त तयार व्हायला तांबेही लागते, त्यामुळे मग एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शने देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, आणि सगळे लोहाच्याच मागे लागतात. झिंक तपासताना सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) हीही पाहावी. जंतुसंसर्गात झिंक खोटेच कमी दिसते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी फॉस्फरस बांधण्यासाठी दिलेली असेल तर ती जेवतानाच द्यावी, आणि लोहाच्या औषधापासून दोन तास लांब.

जिल्हा रुग्णालयांतील डायलिसिस केंद्रांनी मुलांसाठी पथ्याचा वेगळा कागद छापावा. त्यावर मुलाचे वजन, उंची आणि डायलिसिसचा प्रकार लिहायला जागा असावी.

– एक आहारतज्ज्ञ, पुणे